रात्रीचं पाणी आणि लिव्हरचं घड्याळ

उसाला तुरा आला की वाढ थांबते, पुढे कांड्यांत दशी पडते आणि वजन घटते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. पण तुरा कधी धरायचा हे उसाला कोण सांगतं, याचा विचार आपण सहसा करीत नाही. खतपाण्याचा त्यात थोडाफार हात असतो, पण मूळ हुकूम असतो रात्रीचा. पावसाळा सरत आला, दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास आला, म्हणजे शेंड्यातला कोंब पाने काढायचे सोडून तुऱ्याच्या तयारीला लागतो. उसाची पाने रात्र मोजतात. ही मोजणी इतकी पक्की की, शास्त्रज्ञांनी ऐन मध्यरात्री फडात थोडा वेळ दिवे लावून पाहिले तेव्हा उसाचा हिशेब चुकला आणि तुरा आलाच नाही.

उसाचा हिशेब चुकला तर आपले काही बिघडत नाही, उलट फायदाच. पण माणसाच्या अंगातही असेच एक घड्याळ आहे. ऐन रात्री जागून, दिवे लावून, जेवून आपण ते चुकवतो, तेव्हा त्याची किंमत शरीर मोजते, आणि त्यातला मोठा वाटा लिव्हरच्या, म्हणजे यकृताच्या, माथी येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊस बागायतदाराइतका रात्री जागणारा शेतकरी दुसरीकडे विरळाच. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले.

गटागटांतून फिरताना, काट्यावर, वार्षिक सभेच्या मांडवात, एक कागद आताशा आमच्यापुढे वारंवार येतो. सोनोग्राफीचा. पोटात दुखतं म्हणून, नाहीतर मुतखड्यासाठी तपासणी केलेली असते आणि खाली एक ओळ असते : फॅटी लिव्हर, ग्रेड एक किंवा दोन. असाच एक कागद आमच्या एका सभासदाने बाजूला नेऊन दाखवला. पन्नाशीचा शिडशिडीत माणूस, गळ्यात तुळशीची माळ, चार एकर ऊस.

"आमच्या तीन पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलं नाही," ते म्हणाले. "मी आषाढीची वारी चुकवत नाही. आणि हे बघा काय आलंय. लोकांना काय सांगू? लिव्हर म्हटलं की लोक समजायचं ते समजतात."

चार महिने त्यांनी तो कागद घरातसुद्धा कोणाला दाखवला नव्हता. पुन्हा डॉक्टरांकडे गेले नव्हते, ते वेगळेच.

तेव्हा आमचे पहिले सांगणे हे की, लिव्हरवर चरबी चढायला दारूच लागते असे नाही. दारूने चढते हे खरेच, आणि ज्यांना ती सवय आहे त्यांनी या लेखाचा आडोसा घेऊ नये. पण न पिणाऱ्याच्या लिव्हरवरही चरबी चढते, आणि आज आपल्या देशात हा दुसरा प्रकार फार मोठा आहे. दिल्लीच्या एम्समधल्या तज्ज्ञांनी २०२२ साली देशभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा शंभर प्रौढांमागे सुमारे ३८ जणांच्या लिव्हरवर चरबी निघाली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्येच केंद्र सरकारने या दुखण्याचा समावेश मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला होता. जगभरच्या डॉक्टरांनी २०२३ साली त्याचे नावही बदलले. जुन्या नावात 'दारूविना' असा शब्द होता, तो काढून शरीरातल्या पचन-साठवणीच्या बिघाडाशी जोडलेले नाव दिले. कागदावर दारूचा उल्लेख नको, असे वाटणारे आपले माळकरी सभासद एकटे नव्हते म्हणायचे.

गोदाम भरतं कसं

लिव्हर म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा सव्वा ते दीड किलोचा अवयव. आपल्याला समजेल असे सांगायचे तर तो एकाच वेळी गव्हाण आहे, बॉयलिंग हाऊस आहे आणि गोदामही आहे. जेवण झाले की आतड्यातून आलेला माल तो उतरवून घेतो. काही साखर साठवतो, जास्तीची झाली तर तिची चरबी करून बाहेर धाडतो. आणि रात्री आपण झोपलेले असताना, पोटात काही येत नसताना, हाच लिव्हर गोदामातली साखर थोडी थोडी रक्तात सोडत राहतो. तशी सोडली नाही तर मेंदू चालणार नाही. साखर संपत आली की साठवलेली चरबी जाळायला घेतो. म्हणजे दिवसा आवक, रात्री जावक. ही पाळी ठरलेली आहे.

आता समजा, गोदामाची जावक सुरू असायच्या वेळेलाच दारात गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आवक थांबवता येत नाही, कारण माल दारात आहे. मग जावक थांबते, चरबी जाळायचे काम राहून जाते आणि आलेल्या मालाची आणखी चरबी होते. हे एखाद्या दिवशी झाले तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे झाले की चरबी लिव्हरच्या पेशींतच साचत जाते. शंभरात पाच पेशींपेक्षा जास्त पेशींत ती दिसू लागली म्हणजे त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुढे काहींच्या लिव्हरला सूज येते, सुजेवर वण धरतात आणि त्यांतल्या थोड्यांचा लिव्हर दगडासारखा कठीण होतो, त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. बहुतेकांची गाडी तिथवर जात नाही, पण त्यांना मधुमेह आणि हृदयविकार गाठतो. या माणसांत मृत्यूचे पहिले कारण लिव्हर नसून हृदय आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. आणि यातले काहीच दुखत नाही. दुखते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

"पण आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" हा प्रश्न येणारच. याचे उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यातून मिळाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! २००४ साली याज्ञिकांनी एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर आपला स्वतःचाच फोटो आणि मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचे माप दोघांचे एकसारखे, २२.३. पण अंगातली चरबी साहेबाच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार अशी आपली ठेवण. वजनकाट्यावर उभे राहून "आपण ठीक आहोत" म्हणण्यात आपल्या माणसाला अर्थ नाही. त्यापेक्षा कमरेला सुतळी लावून पाहावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली असेल तर सावध व्हावे.

घड्याळ कुठे आहे

लाजाळूची पाने रात्री मिटतात, चिंचेची मिटतात, ते सर्वांनी पाहिले आहे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या गृहस्थाने लाजाळूसारखे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. ऊन नाही, उजेड नाही, तरी पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ बाहेर नव्हते, झाडातच होते. माणसाचे तसेच आहे का, हे पाहायला १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण घड्याळाविना एका थंड गुहेत दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट! दिवस मोजण्यात तो पंचवीस दिवस चुकला, पण त्याचे झोपणे-उठणे मात्र अंधारातही साधारण चोवीस-साडेचोवीस तासांच्या फेऱ्यानेच चालले होते. हे घड्याळ चालवणारे जनुक १९८४ साली फळांवरच्या चिलटात सापडले, आणि त्या कामासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकनांना २०१७ साली नोबेल मिळाले.

मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच्या अंगाला आहे. वीस हजारांच्या आसपास पेशींचा ठिपका. त्याला वेळ कळते उजेडावरून. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. लिव्हरला स्वतःचे वेगळे घड्याळ आहे. उंदराच्या लिव्हरमधली तीन हजारांवर जनुके चोवीस तासांच्या तालावर कमी-जास्त होतात, कुठल्याही दुसऱ्या अवयवापेक्षा जास्त. आणि हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागत नाही, जेवणाच्या वेळेवर लागते. २००० साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळी खायला दिले. काही दिवसांत लिव्हरचे घड्याळ उलटे फिरले, दिवसाची रात्र झाली. मेंदूतले घड्याळ मात्र होते तिथेच राहिले. एकाच अंगात दोन घड्याळे, एक दुपार दाखवतेय आणि एक मध्यरात्र.

कारखान्यातल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगायला नको. मिल एका पाळीवर आणि बॉयलर दुसऱ्या पाळीवर चालला तर काय होईल?

दारं धरणाऱ्याची रात्र

आता आपल्या फडाकडे येऊ. मोटेच्या काळी पहाटे बैल जुंपले जात आणि उन्हं चढली की सुटत. रात्री बैल चालत नसत म्हणून माणूसही झोपत असे. पुढे पाट आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या दोन्ही काठांना पाणी खेळू लागले आणि शेजपाळीत ज्याची पाळी रात्री येईल त्याने कंदील घेऊन जायचे, हे चालू झाले. तरी ती पाळी महिन्यातून एकदा-दोनदा यायची. विजेचे पंप आल्यावर रात्र रोजची झाली. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढच्या आठवड्यात रात्री आठ-दहा तास थ्री फेज, ही चक्राकार पाळी आपल्या सभासदांनी वर्षानुवर्षे काढली आहे. जिथे सौर फीडर अजून पोचला नाही तिथे अजूनही काढतात. बिबट्याचे आणि विंचूकाट्याचे भय त्यात धरलेले नाही. अकोले-संगमनेर-राहुरीकडच्या सभासदांना त्यावर आम्ही काय सांगावे!

या रात्री कशा जातात ते पाहा. सांजेला घरी जेवण होते, कारण घरच्यांबरोबर जेवायचे असते. दहाला वीज येते. बाराच्या सुमारास पोट ओढते, मग सोबत आणलेली भाकरी, नाहीतर शेव-फरसाण. थर्मासमधला चहा दोनदा, तिनदा. पहाटे वीज गेली की घरी येऊन पुन्हा चहा-खारी. दूध काढायचे, डेअरीला घालायचे, मग नऊला जेवून झोप, तीही तीन-चार तासांची. चोवीस तासांत लिव्हरचा दरवाजा बंद होतो किती वेळ? फार तर चार तास. आणि आठवड्याने पाळी बदलली की हे सगळे उलटे. लिव्हरच्या घड्याळाला नवीन वेळेवर यायला काही दिवस लागतात. ते आले न आले तोच वेळ बदलते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना नेहमीचाच आहार दिला, चरबीचा नाही. फक्त पिंजऱ्यातल्या दिव्यांच्या वेळा आठवड्या-आठवड्याला पुढे-मागे केल्या. एवढ्यावरच त्या उंदरांच्या लिव्हरवर चरबी चढली, सूज आली, आणि पुढे काहींना लिव्हरचा कॅन्सर झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही जाणतो. पण आठवड्याची ती चक्राकार पाळी वाचून आम्हाला आपला फीडर आठवला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

माणसांचे म्हणाल, तर पाळीवर काम करणाऱ्यांच्या मोठमोठ्या नोंदी परदेशांत आहेत. अमेरिकेत पावणेदोन लाखांवर नर्सबाईंची अनेक वर्षांची नोंद २०११ साली तपासली. दिवसपाळी-रातपाळी अशा फिरत्या कामात जितकी वर्षे जास्त, तितका मधुमेह जास्त. आणि मधुमेह व फॅटी लिव्हर ही सख्खी भावंडे, एक घरात आले की दुसरे फार दिवस बाहेर थांबत नाही. या नोंदींवरून पाळीनेच आजार झाला असे शपथेवर सांगता येत नाही. रात्री जागणारा माणूस खातो वेगळे, तंबाखू जास्त खातो, हेही त्यात आलेच. म्हणून बोस्टनच्या डॉक्टरांनी २००९ साली दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस मुद्दाम अठ्ठावीस तासांचा केला. खाणे तेच, माणसे तीच. जेवणा-झोपेची वेळ अंगातल्या घड्याळाच्या उलट गेली तेव्हा रक्तातली साखर वाढली, इन्सुलिन वाढले, आणि ज्यांची जेवणानंतरची साखर मोजता आली त्या आठांपैकी तिघांचे आकडे मधुमेहाच्या उंबरठ्याला टेकले. अवघ्या काही दिवसांत.

फक्त शेतकरीच नव्हे. आपल्या कारखान्याचे कामगार हंगामात पहाटे चार, दुपारी बारा आणि रात्री आठ अशा तीन पाळ्यांत फिरतात. पाथर्डी-शेवगावचे आणि बीडकडचे तोडणी मजूर पहाटे तीनला उठून कोयता हाती घेतात, त्यांच्या बायका त्याही आधी उठून कोप्यांपुढे चूल पेटवतात. गाडीवान वजनाच्या रांगेत रात्र काढतो. या माणसांच्या अंगमेहनतीने बरीचशी चरबी जळून जाते, हा त्यांचा बचाव. मुकादम, ट्रॅक्टरवाला, कार्यालयात रातपाळी करणारा क्लार्क यांचा तेवढाही नाही.

साखरेविषयी दोन शब्द

साखर कारखान्याच्या अंकात हे लिहावे की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. लिहावे असेच ठरले, कारण सभासद आधी माणूस आहे, मग ऊस उत्पादक. साखरेचा प्रत्येक कण अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळ्या अंगाला उपयोगी पडते. फ्रुक्टोजचा मोठा भाग लिव्हरकडेच जातो, आणि जास्त झाले तर तिथे त्याची सहज चरबी होते. गूळ म्हणजे पथ्य, असे समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की गुळातही मुख्यतः तीच साखर आहे. दिवसा घाम गाळणाऱ्या माणसाने दोन कप गोड चहा घेतला तर आमची काही तक्रार नाही. पण रात्री एक वाजता बांधावर बसून घेतलेला तिसरा गोड चहा, हा लिव्हरच्या झोपेत गोणी टाकण्याचा प्रकार आहे. तेच खाणे सकाळी घेतले तर रक्तातली साखर जितकी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ लागतो. बाटलीतली थंड पेये तर रात्रीच काय, दिवसाही वर्ज्य समजावीत.

मग करायचं काय?

रात्री पाणी देऊ नका, असे सांगणे सोपे आहे. ऊस वाळू लागल्यावर सांगणारा येत नाही. म्हणून जागरण टळत नसेल तर निदान काय टाळता येईल, ते पाहू.

याचे चांगले उत्तर २०२१ साली बोस्टनमधूनच मिळाले. एकोणीस तरुण माणसांना रातपाळीसारखे जागवले. निम्म्यांना रात्री जेवण दिले, निम्म्यांना जागे रात्रीच ठेवले पण जेवण फक्त दिवसा दिले. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची लक्षात घेण्याजोगी वाढली नाही. जागरण दोघांचे सारखेच! म्हणजे रात्री दारं धरली तरी लिव्हरला झोपू देता येते. सांजेचे जेवण दिवेलागणीच्या सुमारास, भरपेट, भाकरी-कालवण-डाळ-भाजी असे. रात्री सोबत पाणी. अगदीच राहवले नाही तर बिनसाखरेचा चहा किंवा पातळ ताक. मग सकाळ उजाडल्यावर न्याहारी. रात्रभर उपाशी राहायचे म्हणजे अशक्तपणा येईल, ही भीती धडधाकट माणसाने बाळगायचे कारण नाही. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, साखर एकदम उतरून शेतात चक्कर आली तर उचलायलाही कोणी नसते.

आपल्या जुन्या माणसांचे जेवण दिवे लागायच्या आत उरकत असे. नगरातल्या जैन कुटुंबांत अजूनही पुष्कळ जण सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. त्यामागचा विचार जीवदयेचा आहे, लिव्हरचा नव्हे, पण लिव्हरला त्याचे सोयरसुतक नसते. मूळचे ओडिशाचे आणि आता अमेरिकेत संशोधन करणारे सच्चिदानंद पांडा यांनी २०१२ साली उंदरांचे दोन गट केले. दोघांना सारखेच चरबीचे खाणे, सारखेच प्रमाण. एकाला चोवीस तास खुले, दुसऱ्याला त्यांच्या जागेपणीच्या आठ तासांतच. पहिला गट लठ्ठ झाला, लिव्हरवर चरबी चढली. दुसरा बराचसा वाचला. यावरून गावोगाव आठ तासांत जेवायची टूम निघाली. इथे आम्हाला थोडे थांबवावेसे वाटते. २०२३ साली चीनमध्ये फॅटी लिव्हरच्या ८८ रुग्णांवर हे करून पाहिले. सगळ्यांचे खाणे कमी केले आणि निम्म्यांना वेळेचेही बंधन घातले. लिव्हरची चरबी दोन्ही गटांत उतरली, पण सारखीच. तेव्हा वेळ पाळली म्हणून मापाबाहेर खाल्लेले माफ होत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

ज्यांच्या कागदावर फॅटी लिव्हर लिहून आले आहे त्यांनी घाबरू नये आणि कागद लपवूही नये. चरबीच्या पायरीवरून मागे येता येते. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरवले तरी लिव्हरची चरबी घटू लागते. सात ते दहा टक्के उतरवले तर सूजही उतरते. सोनोग्राफीचा ग्रेड ऐकून बसण्यापेक्षा डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : लिव्हरवर वण धरले आहेत का? तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या साध्या रक्त तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि आपले वय, या चार आकड्यांवरून डॉक्टर एक हिशेब काढतात. त्याला फिब-फोर म्हणतात. तो १.३ च्या खाली आला तर बहुधा वण नाहीत. पासष्टीच्या पुढे हा आकडा थोडा वेगळा धरतात. वर गेला तर पुढची तपासणी करून घ्यावी. सोबत साखर आणि रक्तदाबही पाहून घ्यावा. लिव्हर साफ करणारी म्हणून बाजारात मिळणारी चूर्णे आणि काढे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. काहींनी लिव्हरलाच इजा होते.

राहता राहिला मूळ रोग, तो आपल्या अंगात नाही, फीडरवर आहे. दिवसा वीज ही मागणी आपण आजवर बिबट्या आणि सर्पदंशाच्या नावाने केली, त्यात लिव्हरचे नावही घालायला हरकत नाही. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली तेव्हा राज्यातल्या पहिल्या प्रयोगांसाठी आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी निवडले गेले. गावाजवळच्या जागेवर सौर प्रकल्प, त्याची वीज सरळ शेतीच्या फीडरला, आणि ऊन असते तेव्हाच पाणी. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे. त्यात उपकेंद्राजवळची गायरान किंवा खासगी जागा भाड्याने लागते, आणि बऱ्याच ठिकाणी घोडे तिथेच अडते. ज्या गावांत जागेचा ठराव ग्रामसभेपुढे पडून आहे तिथल्या सभासदांनी तो पुढे ढकलावा. स्वतंत्र पंप हवा असेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी ऑटो स्टार्टर आणि व्हॉल्व्हची नीट व्यवस्था लावली तर रात्रीची वीज आली तरी दारं धरायला उठावे लागत नाही. आणि भाऊबंदांची सामाईक विहीर असेल, तर रात्रीची पाळी एकाच्याच माथी सबंध हंगाम न टाकता, एकेकाने सलग काही आठवडे घ्यावी आणि मग सलग सुट्टी घ्यावी. रोज अदलाबदल करू नये.

आमचे ते माळकरी सभासद कमरेची सुतळी मोजून आले, ९६ सेंटिमीटर भरली. फिब-फोर १.३ च्या खाली आहे. रात्रीची भाकरी त्यांनी बंद केली आहे, चहा अजून सुटलेला नाही.